पुढचे लांब दात : घासण्याआधी कारण जाणा

वरच्या जबड्यातील मधले दोन पटाशीचे दात शेजारच्या दातांपेक्षा लांब दिसणे, ही किशोरवयीन मुलामुलींची नेहमीची खंत असते. हसताना हात तोंडावर जातो, छायाचित्रात ओठ मिटलेले राहतात, वर्गातील चिडवणे जिव्हारी लागते. असे दात किंचित घासून त्यांचा आकार सुधारण्याची सोय दंतवैद्यकात आहे. उपचार छोटा असून बहुधा एकाच भेटीत संपतो. मात्र घासलेले एनॅमल पुन्हा तयार होत नाही. ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येतानाच नाहीशा झालेल्या असतात. म्हणून दात किती घासायचा, याआधी तो लांब का दिसतो, हे पाहावे लागते.

लांबी खरी की भासणारी?

वरचे मधले कायमचे दात साधारण सातव्या-आठव्या वर्षी येतात. ते येतात तेच प्रौढ मापाचे. चेहरा आणि जबडा मात्र लहान असतो. त्यांच्या शेजारचे दात आठव्या-नवव्या, तर सुळे अकराव्या-बाराव्या वर्षी येतात. तोवर पुढचे दात फाकलेले व विजोड दिसणे हा बहुतेकदा वाढीचाच टप्पा असतो. नव्या दातांच्या कडेवरील करवतीसारखे उंचवटेही पुढे चावण्याने झिजतात.

प्रौढ मधल्या दाताचा दिसणारा भाग सरासरी १०.५ ते ११ मिलिमीटर लांब आणि ८.५ मिलिमीटर रुंद असतो. रुंदी लांबीच्या ७५ ते ८० टक्के असल्यास दात सामान्यतः प्रमाणबद्ध दिसतो. प्रमाण ठीक असूनही दात लांब भासत असेल, तर तो पुढे झुकलेला असणे, खाली अधिक उतरलेला असणे, वरचा ओठ आखूड असणे किंवा शेजारचा दात जन्मतःच लहान असणे, यांपैकी एखादे कारण असू शकते. जोरजोरात ब्रश केल्याने हिरडी वर सरकली असेल, तरीही दात लांब दिसतो. अशा वेळी केवळ कड घासून मूळ कारण दूर होत नाही.

उपचाराची पद्धत

किशोरवयात दाताच्या आतील गराची पोकळी प्रौढांपेक्षा मोठी असते. त्यामुळे आधी एक्स-रे काढून गर कोठवर आहे, हे तपासले जाते. काढावयाचा भाग पेन्सिलीने काळा करून नवा आकार आरशात दाखवता येतो. त्यानंतर हिऱ्याची पूड बसवलेल्या बारीक उपकरणाने आणि घासण्याच्या चकत्यांनी कड गोलसर करून तिला पॉलिश केले जाते. काम एनॅमलपुरतेच असल्याने बहुधा भुलीचे इंजेक्शन लागत नाही. मर्यादा सहसा अर्धा ते एक मिलिमीटर इतकीच असते. त्यापलीकडे गेल्यास आतील डेंटीन उघडे पडून थंड-गरम झोंबू लागते.

चावताना दात एकमेकांवर कसे टेकतात, हेही पाहणे आवश्यक असते; कारण जबडा पुढे सरकतो तेव्हा पुढचे दात मागच्या दाढांवरील ताण कमी करतात. नखांच्या कानशीने घरीच दात घासण्याच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर फिरतात. त्यांचे अनुकरण धोक्याचे आहे. त्यात ना एक्स-रे असतो, ना एनॅमल कोठे संपते याचा अंदाज.

इतर पर्याय

शेजारचा दात लहान असल्यास त्यावर दाताच्या रंगाचे कंपोझिट चढवून दोन्ही दातांचा मेळ साधता येतो. यात दात फारसा घासावा लागत नाही. दात पुढे झुकलेले किंवा अधिक उतरलेले असल्यास तारांचा उपचार योग्य ठरतो. व्हिनिअर किंवा कॅप बसवणे मात्र शक्यतो वाढ पूर्ण होईपर्यंत टाळले जाते.

गोव्यात बांबोळी येथील गोवा दंत महाविद्यालय व रुग्णालयात दंततपासणीची सोय आहे. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागते. परंतु दात कोणाला खुपतो आहे, मुलाला की पालकांना, हे दंतवैद्याने मुलालाच विचारलेले बरे. मुलाची तक्रार नसेल, तर सुळे येईपर्यंत थांबण्यात काहीच गमवावे लागत नाही.