सचेतनपटातील प्रहसन

रेखाचित्रांना गतीचा आभास देऊन तयार केलेल्या लघुपटांतील धावपळ, आपटाआपटी व पाठलाग यांवर आधारलेला विनोदप्रकार. मूकपटांतील प्रहसनाशी त्याचे जवळचे नाते आहे. तथापि नटाला देहाच्या मर्यादा असतात, रेषेला त्या नसतात. या भेदातूनच त्याची कल्पकता फुलली.

फ्रेंच चित्रकार एमील कोल ह्याच्या फँटस्मागोरी (१९०८) या सुमारे ७०० चित्रांच्या लघुपटात बाटलीचे पाहता पाहता फूल होते. अमेरिकेत ऑटो मेस्मर ह्याने १९१९ पासून रेखाटलेला फेलिक्स हा बोका स्वतःची शेपटी काढून हत्यारासारखी वापरी. पडद्यावर मात्र निर्माता पॅट सलिव्हन ह्याचेच नाव येई. वॉल्ट डिझ्नी ह्याच्या स्टीमबोट विली (१९२८) या लघुपटात ध्वनी व चित्र यांचा काटेकोर मेळ साधला गेला आणि गाईचे दातही वाद्य बनले.

पुढे डिझ्नीचा कल वास्तवसदृश चित्रणाकडे वळला. याउलट टेक्स एव्हरी ह्याने अतिशयोक्ती टोकाला नेली. रेड हॉट रायडिंग हूड (१९४३) मधील लांडग्याचे डोळे आश्चर्याने खोबणीबाहेर येतात. चक जोन्स ह्याने मात्र अशक्य घटनांनाही नियम घालून दिले. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रोड रनर मालिकेतील कायोटी कड्यापलीकडे धावत जातो, पण खाली पाहिल्यावरच कोसळतो. त्या क्षणभराच्या विलंबातच हास्याचे मर्म आहे.

असा विलंब चित्रचौकटी मोजून ठरविला जाई. सेकंदाला २४ चौकटी व प्रत्येक चित्र दोन चौकटींपुरते धरले, तरी सात मिनिटांच्या लघुपटास सुमारे ५,००० चित्रे लागत. त्यामुळे ही कला खर्चिक व अनेक हातांवर अवलंबून होती. १९४८ मधील अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने मोठ्या निर्मितिसंस्थांची चित्रपटगृहांवरील पकड सुटली. दूरचित्रवाणीचाही प्रसार झाला. टॉम अँड जेरी मालिका काढणाऱ्या मेट्रो-गोल्डविन-मेयरने १९५७ मध्ये आपला सचेतनपट विभाग बंद केला.

या प्रहसनातील मार वेदनाहीन असतो; चपटा झालेला बोका लगेच पूर्ववत होतो. तथापि काही लघुपटांत कृष्णवर्णीयांची हेटाळणी होती आणि तिचे बळी काल्पनिक नव्हते. असे अकरा लघुपट १९६८ मध्ये दूरचित्रवाणी-वितरणातून वगळण्यात आले. निसर्गनियमांची थट्टा आजही हसविते. माणसांची हेटाळणी मात्र टिकली नाही.