चार बायका, चार पुरुष आणि एक माइक

टँगो म्हटलं की आपल्याला लाल झगा, काळा सूट आणि फार तर 'सेंट ऑफ अ वुमन'मधला अल पचिनो आठवतो. पण टँगो नुसता नाच नाही, ते गाणंही आहे. आणि ते वाढलं त्या जागा अजिबात 'सभ्य' नव्हत्या. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ब्युनॉस आयर्स आणि माँटेव्हिडिओच्या गरीब वस्त्यांत, पोटासाठी घरदार सोडून आलेल्या लोकांच्या नाचघरांत आणि गुत्त्यांत टँगो रुजला. १९१७ साली कार्लोस गार्देलने 'मि नोचे त्रिस्ते' गायलं आणि टँगोला विरहाचे शब्द मिळाले. पुढे २००९ मध्ये युनेस्कोने टँगोला मानवजातीचा वारसा ठरवलं. गुत्ता ते युनेस्को!

तर मंडळी, आपल्याकडे छोट्या बारमध्ये जिवंत गाणं ऐकायचं तर काय? ठाण्यात किंवा कल्याण-डोंबिवलीत राहणाऱ्याला उत्तर माहीत असतं, फक्त चारचौघांत कोणी देत नाही. ऑर्केस्ट्रा बार.

एका शनिवारी दोन मित्रांबरोबर मी कल्याण-शीळ रस्त्यावरच्या अशाच एका बारमध्ये गेलो होतो. एक की-बोर्ड, एक ऑक्टोपॅड, छोटंसं स्टेज आणि त्यावर सोफ्यात बसलेल्या गायिका. वेटर फर्माइशीची चिठ्ठी नेऊन देतो. बराच वेळ नेहमीचीच धांगडधिंग्याची गाणी चालली होती. मग एका बाईने लताबाईंचं एक जुनं गाणं धरलं, आणि शेजारच्या टेबलवरचा हिशोबाचा वाद चक्क थांबला. सूर पक्का होता हो! हीच गाणी आचार्य अत्रे रंगमंदिरात तिकीट काढून ऐकली की आपण त्याला सांस्कृतिक कार्यक्रम म्हणतो.

गंमत म्हणजे कायद्यानेही हाच भेद केला होता. ऑगस्ट २००५ पासून राज्यात बीअर बार आणि परमिट रूममधल्या नाचावर बंदी आली. नाट्यगृहं, क्लब आणि तीन किंवा जास्त तारे असलेली हॉटेलं मात्र सुटली. म्हणजे नाच तोच, पण श्रीमंताच्या हॉटेलात चालेल! २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य ठरवली. बंदीमुळे ७५ हजारांवर बायकांचा रोजगार गेला, असं बारवाल्यांच्या आणि कामगारांच्या संघटनांचं कोर्टात म्हणणं होतं. सरकारने २०१४ मध्ये तारांकित हॉटेलांनाही धरून पुन्हा बंदी आणली, २०१६ मध्ये नवा कायदा केला. त्यातल्याही बऱ्याच अटी जानेवारी २०१९ मध्ये रद्द झाल्या.

हा सगळा गदारोळ नाचाचा. गाण्यासाठी लागतो पोलिसांचा वेगळा परवाना, आणि त्याच्या अटींत एक भन्नाट कलम होतं: स्टेजवर फक्त चार बायका आणि चार पुरुष. आमच्या भाषेत सांगायचं तर हार्डकोड केलेले आकडे! पाचवी गायिका आली तर अटीचा भंग, मग ती कितीही सुरेल असो. सहा बायकांचा वाद्यवृंद काढायचा म्हटलं तरी बेकायदा.

१८ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही अट काढून टाकली. एकूण आठ जणांची मर्यादा राहिली, पण त्यात बायका किती नि पुरुष किती हे ठरवायचा अधिकार सरकारला उरला नाही. बायकांचं रक्षण करायच्या नावाखाली त्यांचाच रोजगार आवळायचा, हे कोर्टाला पटलं नाही.

या बारमध्ये सगळं सोज्वळ चालतं असं म्हणायचा भाबडेपणा मी करणार नाही. शोषण होतं, आणि ते रोखायलाच हवं. पण शोषण करणाऱ्याला पकडणं अवघड असतं, माइकसमोरच्या बायका मोजणं सोपं. बरीच वर्षं आपण सोपं काम केलं.

न्यायालयाने त्यांना स्टेजवर उभं राहायचा हक्क दिला. घरी 'कामाला कुठे जातेस?' या प्रश्नाला खरं उत्तर देता येईल इतका मान मात्र कुठलंच न्यायालय देऊ शकत नाही. तो आपल्याकडून यायचा आहे.