सिंगपेरुमाळ कोईलचा फलाट

ऑक्टोबर १९३७. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. समुद्रकाठचे ते फ्रेंचांचे जुने बंदर. तेथील अरविंदाश्रमात त्यांना गायचे होते. वाटेत जीव घाबरा झाला, म्हणून सिंगपेरुमाळ कोईल या लहानशा स्थानकावर ते उतरले. फलाटावरच अंथरूण घातले. दरबारी कानड्याच्या सुरांत प्रार्थना करून त्यांनी तेथेच देह ठेवला, असे सांगतात. बंदर दूरच राहिले.

उत्तरेतल्या कैराना गावी १८७२ साली जन्मलेला हा गवई तमिळ मुलखात गेला. दफन मात्र मिरजेत, मीरासाहेबांच्या दर्ग्यात झाले. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व कुंदगोळचे. गाजले मराठी रंगभूमीवर. त्यांचे शिष्य भीमसेन जोशी गदगचे; झाले पुण्याचे.

आमच्या चिंताकीकडे घरात मराठी आणि बाजारात कन्नड बोलणारी मुले कधीकधी विचारतात, "सर, आपण नेमके कोणाचे?" उत्तरादाखल मी त्यांना या फलाटाची हकिकत सांगतो. गाणारा कैरानाचा, शेवटचा श्वास तमिळ भूमीवर, माती मिरजेची. आणि शेवटच्या रागाचे नाव? कानडा! मग मुले हसतात, आणि पुन्हा तो प्रश्न विचारीत नाहीत.