दुकानाचा परवाना आणि बिनफीचा वकील

आपल्या मोहल्ल्यातल्या दुकानांत गल्ल्याच्या मागे परवान्याचा कागद चौकटीत लावलेला असतो. त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. तो नाकारला गेला म्हणजे काय होते, हे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीतल्या भारतीय दुकानदारांनी पाहिले. त्यांत गुजरातेतून गेलेले मुसलमान व्यापारी मोठ्या संख्येने होते.

1893 साली गांधी तिथे गेले ते दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या कामासाठी. काम संपल्यावर परतायचे होते. पण भारतीयांचा मताधिकार काढून घेणारे विधेयक आले आणि व्यापाऱ्यांनी त्यांना थांबवून घेतले. सार्वजनिक कामाचे पैसे घेणार नाही, असे गांधींनी स्पष्ट सांगितले. मग घर चालायचे कसे? वीसेक व्यापाऱ्यांनी वर्षभराची आपली खासगी वकिली त्यांच्याकडे सोपवली. दादा अब्दुल्लांनी त्यांना जी थैली द्यायची ठरवली होती, तिच्याऐवजी घराचे फर्निचर घेऊन दिले. म्हणजे बिनफीच्या त्या कामाचा खर्च या शेठमंडळींच्या खातेवहीतून निघत होता. गांधींचा त्याग सगळ्यांना ठाऊक आहे. शेठजींच्या हिशेबाची आठवण फारशी कोणी काढत नाही.

1894 मध्ये नाताळ इंडियन काँग्रेस उभी राहिली, तीही वर्गणीवर. तिची खरी कसोटी 1897 च्या व्यापारी परवाना कायद्याने घेतली. या कायद्यात ‘भारतीय’ हा शब्दच नव्हता. हिशेब इंग्रजीत हवेत, जागा स्वच्छ हवी, आणि परवाना द्यायचा की नाही हे परवाना अधिकारी ठरवणार, एवढेच. त्याच्या निर्णयावर अपील करायचे ते त्याला नेमणाऱ्या नगर परिषदेकडेच, आणि त्या परिषदेत गोऱ्या व्यापाऱ्यांचे वजन. पुढे कोर्टाचा दरवाजा बंद. गुजरातीत वही लिहिणाऱ्या किरकोळ दुकानदाराला यातली मेख पहिल्या वाचनात कळणे कठीणच होते. म्हणून कायद्याच्या मसुद्याची भारतीय भाषांत भाषांतरे करून लोकांना ती समजावून देण्यात आली. माझ्या मते वकिलाचे सगळ्यांत मोलाचे काम इथे झाले, कोर्टाबाहेर.

1898 मध्ये सोमनाथ महाराज या व्यापाऱ्याला डर्बनमध्ये परवाना नाकारला गेला. गांधी परिषदेसमोर उभे राहिले. नकाराचे कारण सांगा, कागदपत्रांची नक्कल द्या, एवढीच मागणी होती. तीही फेटाळली गेली. तेव्हा प्रकरण वसाहतीच्या सर्वोच्च न्यायालयात नेले. निर्णय योग्य की अयोग्य हे न्यायालय तपासू शकत नव्हते. पण सुनावणीची रीत तपासू शकत होते. कागद न दाखवता, कारण न सांगता केलेली ती सुनावणी न्यायालयाने रद्द केली.

परिषदेने पुन्हा सुनावणी घेतली. या वेळी कारण दिले: अशी दुकाने गावात पुरेशी आहेत. परवाना नाहीच मिळाला.

न्यूकॅसल गावच्या वांडा नावाच्या व्यापाऱ्याचे प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. तिथेही कायद्याने अपिलाची वाट बंद केली आहे, असाच निकाल लागला. परवान्याचे नूतनीकरण नाकारल्यास न्यायालयात जाता येईल, अशी दुरुस्ती 1909 मध्ये झाली. नव्याने दुकान काढू पाहणाऱ्याला मात्र ती लागू नव्हती.