कपाल, पोथी आणि वासना

भिलाईच्या पोलाद-कारखान्याभोवती जे शहर वाढले, त्यात कोहका हे एका जुन्या गावाचे नाव आता शहराच्या एका भागाला उरले आहे. हा दुर्गचा परिसर 1854 पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. तेव्हा मराठी वाचकाला तो अगदीच परका वाटू नये. ह्याच परिसरात पांडवांची कथा गाऊन सांगण्याची पंडवानी नावाची परंपरा नांदत आली आहे, आणि तिच्या दोन शाखांची नावे स्मरणशक्तीचा विचार करणाऱ्याला थबकविल्यावाचून राहत नाहीत. एक वेदमती; दुसरी कापालिक. वेदमती गायक सबलसिंह चौहानांच्या दोहा-चौपाईबद्ध महाभारताचा आधार घेतो, म्हणजे त्याच्या पाठीशी एक पोथी उभी असते. कापालिकाच्या पाठीशी पोथी नाही. त्याची कथा कपालात, म्हणजे त्याच्या डोक्यात, असते. शास्त्रग्रंथांतील कापालिक पंथाशी ह्या शब्दाचा संबंध जोडण्याचा मोह अभ्यासकाने आवरावा. येथे कपाल म्हणजे स्मरणाचे भांडे, एवढाच अर्थ घेणे पुरेसे आहे.

गनियारीच्या तीजनबाई ह्या कापालिक शाखेच्या सर्वांत ख्यातनाम गायिका. आजोबांच्या तोंडून ऐकलेली कथा त्यांनी उचलली ती पुस्तकावाचून. शाळेचे शिक्षण त्यांच्या वाट्याला आले नव्हते. भिलाईच्या कारखान्यात त्यांनी नोकरी केली, आणि 2019 साली त्यांना पद्मविभूषण हा किताब मिळाला. त्यांच्या गायनाची रचना पाहिली म्हणजे निव्वळ पाठांतर हा शब्द अपुरा वाटू लागतो. शेजारी रागी बसलेला असतो. तो प्रत्येक वाक्याला हुंकार देतो, मध्येच प्रश्न विचारतो, पुढचे सांगण्यास भाग पाडतो. हातातला तंबुरा क्षणात भीमाची गदा होतो, क्षणात अर्जुनाचे धनुष्य. ही सारी साधने प्रेक्षकांच्या मनोरंजनासाठी आहेतच. पण गाणाराला कथेचा पुढचा दुवा हाती देण्याचे कामही तीच करतात. असे गाणे दोन रात्री शब्दशः सारखे होत नाही, आणि तरीही कथा तीच राहते.

मिल्मन पॅरी ह्या अमेरिकन पंडिताने 1933 ते 1935 ह्या काळात युगोस्लाव्हियातील निरक्षर वीरगाथागायकांची गाणी ध्वनिमुद्रित केली, आणि त्याचा शिष्य आल्बर्ट लॉर्ड ह्याने 1960 साली त्यांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात एक मौजेची गोष्ट नोंदलेली आहे. आपण तेच गाणे अक्षरशः तसेच म्हणतो, असे गायक शपथेवर सांगत. ध्वनिमुद्रणे ताडून पाहावीत तर ओळी वेगळ्या निघत. हे गायक खोटे बोलत नव्हते. त्यांच्या लेखी ‘तेच’ ह्या शब्दाचा अर्थ कथेपुरता होता, अक्षरांपुरता नव्हता. त्याच सुमारास, 1932 साली, केंब्रिजच्या बार्टलेट ह्या मानसशास्त्रज्ञाने निष्कर्ष मांडला होता की माणूस आठवतो तेव्हा साठविलेली वस्तू बाहेर काढीत नाही. शिल्लक राहिलेल्या खुणांवरून ती नव्याने रचतो. त्याने आपल्या विद्यार्थ्यांना दूरदेशीची एक भुतांची कथा वाचावयास देऊन पुन्हा पुन्हा आठवावयास लावली. जे त्यांच्या समजुतीत बसत नव्हते ते गळाले, आणि मूळ कथेतली होडी पाहता पाहता त्यांच्या ओळखीच्या नावेसारखी झाली.

ह्याच्या अगदी उलट टोकाला आपले वेदपठण आहे. पद, क्रम, जटा, घन असे पाठ करून, शब्द पुढून मागे व मागून पुढे गुंफून, वैदिकांनी अक्षर जागचे हलू दिले नाही. परंतु ह्या यंत्रणेला अर्थाची गरज नव्हती, आणि त्याची किंमत फार लवकर मोजावी लागली. यास्काला निरुक्त लिहावे लागले ते ह्यामुळेच. आणि मंत्रांना अर्थच नाही असे म्हणणारा कौत्स त्याला पूर्वपक्ष म्हणून समोर घ्यावा लागला. अक्षर टिकले, अर्थ निसटला. कापालिकाकडे अर्थ टिकतो, अक्षर निसटते. स्मरणाला ह्या दोन्ही गोष्टी एकदम सांभाळता येतात काय, हा प्रश्न मराठीच्या इतिहासात एकदा अत्यंत निकडीने उभा राहिला होता, आणि तोही आपल्या आद्य गद्यग्रंथाच्या बाबतीत.

चक्रधरस्वामींनी 1274 च्या सुमारास उत्तरापंथे गमन केले. मागे राहिलेले नागदेवाचार्य, म्हणजे भटोबास, ऋद्धिपुरास गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात राहून स्वामींच्या लीळांचे मनन करीत. म्हाइंभटांच्या ध्यानात ते आले, आणि त्या लीळा लिहून ठेवण्याचे कार्य त्यांनी हाती घेतले. म्हाइंभटांनी काय केले हे नीट पाहण्यासारखे आहे. जे जे स्वामींच्या सहवासात आले होते त्यांच्याकडे ते गेले, त्यांच्याकडून ऐकले, आणि ऐकलेले भटोबासांपुढे ठेवून पारखून घेतले. एका माणसाच्या आठवणीवर विसंबावयाचे नाही, हे तत्त्व तेराव्या शतकातील एका मराठी पंडिताने कोणाच्याही शिकवणीवाचून अंगीकारले होते. लीळांचा घाटही स्मरणाला सोयीचा आहे. प्रसंग लहान, स्थळ सांगितलेले, बोलणारे दोघेतिघे, आणि शेवटी बहुधा स्वामींचे एखादे धारदार वचन. कथेपेक्षा वचन अधिक तंतोतंत स्मरावे अशी तेथे अपेक्षा होती, कारण ते वचन ईश्वराचे होते.

परंपरा सांगते की हा मूळ ग्रंथ पुढे, चौदाव्या शतकाच्या आरंभी, दिल्लीच्या फौजांच्या धामधुमीत नाहीसा झाला. तेव्हा ज्यांना तो मुखोद्गत होता त्यांच्याकडून तो पुन्हा सिद्ध करून घेण्यात आला. अशा स्मरणकर्त्यांत हिराइसा हिचे नाव आदराने घेतले जाते. तिचा पाठ हिराइसापाठ म्हणून ओळखला जातो, आणि ती एकपाठी होती अशी पंथाची श्रद्धा आहे. एकपाठीपणाची गोष्ट बाजूला ठेविली तरी एवढे उरतेच की आज आपण जिला लीळाचरित्र म्हणतो ती संहिता दोनदा आठवलेली आहे: एकदा प्रसंग पाहणाऱ्यांनी, आणि दुसऱ्यांदा ग्रंथ पाठ असणाऱ्यांनी. दोन्ही आठवणी निराळ्या जातीच्या. पहिलीत डोळ्यांपुढे घडलेले आठवायचे होते, दुसरीत वाचलेले वा ऐकलेले वाक्य. हा भेद आपल्या वाङ्मयेतिहासांनी पुरेसा ध्यानात घेतलेला नाही, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

स्वाभाविकपणेच पाठ जुळले नाहीत. येथे महानुभाव लेखकांनी जे केले ते विलक्षण आहे. त्यांनी एक पाठ खरा ठरवून बाकीचे जाळून टाकले नाहीत. लीळेच्या अंगातच त्यांनी भिन्न स्मरणे नोंदविली. कोठे ज्याचा पाठ त्याचे नाव घातले, कोठे केवळ दुसरे असे म्हणतात एवढे सांगितले. ह्या पाठभेदाला त्यांनी शब्द योजला तो ‘वासना’. आज ह्या शब्दाला जो अर्थ चिकटला आहे त्यामुळे वाचक दचकतो. परंतु योगशास्त्रात वासना म्हणजे अनुभव चित्तावर जो ठसा ठेवून जातो तो, ज्याच्यापासून पुढे स्मृती उठते तो. पतंजलीने स्मृती व संस्कार एकरूप मानले आहेत ते ह्याच भूमिकेवरून. पाठभेदाला वासना म्हणणाऱ्या त्या अज्ञात लेखकाच्या मनात हा शास्त्रार्थ होता की नव्हता हे सांगणे अवघड. पण शब्द अचूक पडला आहे. दोन पाठ म्हणजे एका मूळाच्या दोन चुका नव्हेत. एका प्रसंगाचे दोन चित्तांवर उठलेले दोन ठसे होत.

ह्या साऱ्या व्यवहारामागे धर्माचे बळ होते. स्मरण हे महानुभावांचे नित्याचे साधन. ईश्वराचे नाम, रूप, लीळा व चेष्टा ह्यांचे चिंतन त्यांना विहित आहे. एबिंगहाउसने 1885 साली निरर्थक अक्षरे पाठ करून दाखविले की पहिल्या काही तासांतच विस्मरणाचा मोठा भाग उरकतो, आणि पुनरावृत्तीने ते रोखता येते. पंथाला ही आकडेमोड ठाऊक असण्याचे कारण नव्हते; तथापि रोज आठवावयाचे, एकमेकांना सांगावयाचे, ही त्यांची चर्या विस्मरणाच्या त्या पहिल्या उतारावर घातलेला बांधच होती. मात्र त्यातही एक मेख आहे. 2000 साली नादर, शेफ व लदू ह्यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून असे दिसले की पक्की झालेली आठवणही जागविली की काही काळ मऊ पडते व पुन्हा घट्ट व्हावी लागते. उंदराची भीती आणि भक्ताचे चिंतन एका मापाने मोजू नये हे खरे. पण ज्या लीळा सर्वाधिक आळविल्या गेल्या त्या सर्वाधिक शुद्ध, असे गृहीत धरणे मात्र ह्यापुढे कठीण आहे.

प्रसंगापासून सुटलेले वचन कसे होते, हेही पंथाने अनुभवले. केशिराजबासांनी लीळाचरित्रातून स्वामींची वचने वेचून सूत्रपाठ सिद्ध केला. सूत्रे पाठ करण्यास सोपी झाली. पण कोणते वचन कोणाला उद्देशून, कोणत्या निमित्ताने निघाले, हे पुसट होऊ लागले. तेव्हा प्रत्येक सूत्राला त्याचा प्रसंग परत जोडून देणारे ‘प्रकरणवश’ नावाचे ग्रंथ लिहावे लागले. वैदिकांना निरुक्त लागले तसेच हे. त्याच्या जोडीला स्थानपोथी आहे: स्वामी कोठे बसले, कोणत्या मढात राहिले, दार कोणत्या दिशेला होते, ह्यांची ती टाचणे. त्या स्थानांवर ओटे बांधले गेले. ग्रीक कवी सायमॉनिडीसच्या नावावर स्थळांच्या आधाराने आठवण्याची जी युक्ती सांगतात, तिच्यात स्थळे मनात कल्पावयाची असतात. महानुभावांनी ती जमिनीवर कायम केली, आणि यात्रेकरूचे पाय तेथे वळले की लीळा आठवावी अशी सोय केली.

एवढे करूनही मराठी समाज हा ग्रंथ विसरलाच. पंथाने पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केल्या, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे प्रभृतींच्या हाती त्यांची किल्ली येईपर्यंत आपल्या वाङ्मयाच्या इतिहासाला त्यांचा पत्ता नव्हता. टुल्व्हिंग व पर्लस्टन ह्यांनी 1966 साली एक साधा प्रयोग केला. विषयवार लावलेली शब्दांची लांब यादी लोकांना ऐकविली. पुष्कळांना पुष्कळसे शब्द आठवेनात. विषयाचे नुसते नाव उच्चारताच बरेच शब्द परत आले. शब्द मनातून गेले नव्हते, वाट सापडत नव्हती. लीळाचरित्राच्या नशिबी सहाशे वर्षे आलेले विस्मरण ह्याच जातीचे होते. मठांत पोथी होती, वाट नव्हती.

ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे आणि 1978 च्या आवृत्तीचे वि. भि. कोलते ह्यांचे ऋण आपणांवर मोठे आहे. तरीही छापील ग्रंथाचा स्वभावच असा की वाचकाची नजर एका सलग संहितेवर ठरते, आणि वासना त्याला अडथळ्यासारख्या वाटतात. विद्यार्थी त्या गाळून वाचतो. मूळ म्हाइंभटी वाक्य कोणते, हा प्रश्न अभ्यासकाने विचारावाच. पण जे मूळ बहुधा कधीच हाती येणार नाही त्याच्या शोधात हिराइसेचे वाक्य तळटीपेत ढकलणे हे तिच्यावर अन्याय करणारे तर आहेच, शिवाय पुराव्याच्या दृष्टीनेही तोट्याचे आहे. रिद्धपुरास आता मराठी भाषा विद्यापीठ झाले आहे. उपलब्ध पाठ शेजारी शेजारी, एकाच आकाराच्या टंकात छापण्याचे काम त्या गावाइतके दुसरीकडे कोठे शोभेल?

पंडवानीपुढेही तोच पेच येऊन ठेपला आहे. ‘भारत एक खोज’ ही मालिका 1988 साली दूरदर्शनवर आली, तेव्हा तीजनबाईंचे गायन देशभर पोचले. त्यानंतर त्यांची ध्वनिमुद्रणे पुष्कळ झाली. दुर्ग-भिलाईकडची नवी मुलगी आज शिकावयास बसली, तर आजोबांच्या ओसरीऐवजी तिच्यापुढे एका विशिष्ट रात्रीचे एक विशिष्ट गायन असते, न बदलणारे. ते ती शब्दशः उचलील, कदाचित हुंकारासकट. मग ती कापालिक म्हणावयाची की वेदमती?