खंडोबाच्या कुत्र्याचा नैवेद्य

मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, लोहारा-नळदुर्ग भागात ज्या घरांचे कुलदैवत खंडोबा आहे, तेथे तळी भरली जाते. परंपरेने सांगितलेल्या नैवेद्यात ठोंबरा, रोडगा, वांग्याचे भरीत आणि सोबत पातीचा कांदा व लसूण. ठोंबरा म्हणजे शिजवलेले जोंधळे, त्यात दही आणि मीठ. देवाला दाखवून झाल्यावर या नैवेद्याचा थोडा भाग कुत्र्यांना घालण्याची चाल आहे, कारण घोडा हे खंडोबाचे वाहन आणि कुत्रा त्याचा सोबती.

कुत्र्यासाठी मुद्दाम बाजूला काढलेला हा खाऊ पाहिला, तर एकाच पानात दोन इतिहास वाढलेले दिसतात. ठोंबरा आणि रोडगा हे कुत्र्याला मानवणारे पदार्थ आहेत. कांदा आणि लसूण हे त्याच्या रक्तावर घाला घालणारे आहेत. भक्ताने दोन्ही सारख्याच प्रेमाने दिले. त्यातला फरक कळायला प्रयोगशाळा उभी राहावी लागली.

लोहाऱ्याच्या दक्षिणेला, सोलापूर-हैदराबाद महामार्गालगत, नळदुर्ग आणि अणदूर ही गावे आहेत. येथला खंडोबा वर्षातला काही काळ अणदुरात आणि काही काळ नळदुर्गजवळच्या मैलारपुरात राहतो. दीक्षा घेतलेला वाघ्या स्वतःला देवाचा कुत्रा मानतो. कर्नाटकातील मैलाराच्या परंपरेत तर हे भक्त भुंकतात आणि पात्रातले अन्न थेट तोंडाने खातात. देवाच्या दारात माणूस कुत्रा होतो आणि कुत्रा प्रसादाचा मानकरी होतो, असा हा उलटा व्यवहार आहे. (रायगडावरील वाघ्याच्या समाधीचा वाद हा निराळा विषय आहे. येथे प्रश्न आहे तो फक्त कुत्र्याच्या पोटाचा.)

मुळात मांसाहारी कुळातला हा प्राणी जोंधळ्यावर जगतो कसा? लांडगा आणि कुत्रा यांची जनुके ताडून पाहणारे एक संशोधन २०१३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. स्वीडनमधील एरिक अ‍ॅक्सेलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले, की पिष्ट पचवणारे अमायलेज हे पाचकद्रव्य तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात. कुत्र्यांत त्या ४ पासून ३० पर्यंत आढळल्या. माणूस शेती करू लागला, धान्य शिजवू लागला, आणि त्याच्या चुलीभोवती घुटमळणाऱ्या प्राण्याचे पोटही हळूहळू शेतकऱ्याचे झाले. दख्खनच्या शेतकऱ्याच्या सोबतीने हा प्राणी किती जुना आहे, हे दायमाबादला दिसते. श्रीरामपूर तालुक्यातील या गावी १९७४ मध्ये मिळालेल्या ब्राँझच्या बैलगाडीवर, दोन बैल आणि हाकणारा यांच्या मधोमध दांडीवर एक कुत्रा उभा आहे. त्याच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, पण त्याच्या जागेविषयी शंका नाही. तो घरच्या माणसासारखा गाडीवर आहे.

लिखित साधनांत मात्र कुत्रा दिसतो आणि त्याचे ताट दिसत नाही. लोहाऱ्याच्या पूर्वेला साठ-सत्तर किलोमीटरवर कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण. तेथे बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ सिद्ध केला. राजाच्या करमणुकींत त्याने ‘सारमेयविनोद’ हे प्रकरण शिकारी कुत्र्यांना दिले आहे. सहाशे वर्षांनी साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांचा खंड्या कुत्रा तर आख्यायिकाच झाला. वाघाच्या शिकारीत त्याने महाराजांचा जीव वाचवला आणि महाराजांनी त्याला जहागीर व पालखीचा मान दिला, असे ग्रँट डफने आपल्या १८२६ च्या इतिहासात नोंदवले आहे. पालखी इतिहासात आली, वाटी आली नाही. दरबाराला मानपानाची नोंद ठेवावीशी वाटते. रोजचा घास कोण लिहून ठेवणार?

तो घास शोधायचा तर धर्माचार आणि संतकथा पाहाव्या लागतात. वैश्वदेवात आणि श्राद्धात कावळा, गाय यांच्याबरोबर श्वानाचाही वाटा काढला जातो. दत्तात्रेयाच्या पायाशी चार कुत्री असतात. नामदेवांची भाकरी पळवणाऱ्या कुत्र्याची कथा तर प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असते: कोरडी नको खाऊस, म्हणत नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. कथेतला भूतदयेचा भाव निर्मळ आहे, आहारशास्त्र मात्र कच्चे आहे. एकदम पुष्कळ स्निग्ध पदार्थ पोटात गेले, की कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. भाकरी कोरडीच बरी होती.

या सर्व कथांत एक गोष्ट समान आहे. कुत्र्याचे वेगळे अन्न असे काही नव्हते. होता तो माणसाच्या अन्नातला वाटा. त्यामुळे जे माणसाला बाधले ते कुत्र्यालाही बाधले, आणि या भागात ते फार स्पष्टपणे घडले.

ज्वारी हे या भागाचे प्राणधान्य. लोहारा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. त्या राज्याच्या राजधानीत पुढे, १९५८ मध्ये, कुन्नूरहून पोषण संशोधन प्रयोगशाळा हलवण्यात आली. आजची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच. दख्खनमधील ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा का आढळतो, हा प्रश्न तेथे सी. गोपालन आणि त्यांचे सहकारी अभ्यासत होते. उन्ह लागणारी त्वचा काळवंडणे, सोलवटणे, अतिसार, पुढे बुद्धिभ्रंश अशी या रोगाची लक्षणे. अमेरिकेत मक्यावर जगणाऱ्या गरिबांत हाच रोग होता आणि कुत्र्यांत त्याचे भावंड होते. त्याला ‘काळी जीभ’ म्हणत. १९३७ मध्ये कॉनराड एल्व्हेजेम यांनी कुत्र्यांची काळी जीभ निकोटिनिक आम्लाने, म्हणजे एका ब जीवनसत्त्वाने, बरी करून दाखवली होती. हैदराबादेत बेलवडी आणि गोपालन यांनी १९६५ मध्ये जाहीर केले, की ज्वारीप्रधान आहारावर ठेवलेल्या कुत्र्यांनाही काळी जीभ झाली.

याचा अर्थ भाकरी वाईट, असा मुळीच नाही. घास म्हणून ती उत्तम. सगळे जेवण म्हणून अपुरी. दख्खनचा कारवानी कुत्रा धान्याबरोबर दूध पीत असे आणि सशाच्या शिकारीतला वाटाही मिळवत असे, त्यामुळे त्याचे निभावले. आज दाराशी साखळीने बांधलेल्या आणि तीनही त्रिकाळ कोरडी भाकरी खाणाऱ्या कुत्र्याला तो पर्याय उरलेला नाही.

याच हैदराबादच्या संस्थेने दुसरा, अधिक भयंकर पुरावा नोंदवला. १९७४ च्या अखेरीस गुजरातेतील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा या भागांत यकृताच्या एका रोगाने शंभराहून अधिक माणसे दगावली. अवकाळी पावसात भिजून बुरशी लागलेला मका त्यांच्या पोटात गेला होता. बुरशीतल्या अफ्लाटॉक्सिनने हा घात केला. गावकऱ्यांनी आठवून सांगितले, की माणसे आजारी पडण्याआधी गावातली कुत्री तशाच लक्षणांनी मरू लागली होती. वाटेकऱ्याने आधी किंमत मोजली होती. ‘बुरसली आहे, कुत्र्याला टाक’ हे वाक्य मराठी स्वयंपाकघरांत आजही सहज उच्चारले जाते. त्यामागे दुष्टपणा नाही, काटकसर आहे. तरीही बुरसलेली भाकरी, मका किंवा शेंगदाणे कुत्र्याला घालणे हा सर्वांत घातक ‘खाऊ’ आहे.

आता कांद्याकडे वळू. चातुर्मासात कांदा, लसूण आणि वांगे वर्ज्य करणारी घरे आषाढातल्या कांदेनवमीला कांद्याचा निरोप घेतात आणि चंपाषष्ठीला तो पुन्हा पानात येतो. म्हणून नैवेद्यात कांद्याला मान आहे. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील डब्ल्यू. एच. सेब्रेल यांनी १९३० मध्ये दाखवून दिले, की कांदा खाऊ घातलेल्या कुत्र्यांना पंडुरोग होतो. कांदा-लसणातील गंधकयुक्त द्रव्ये कुत्र्याच्या तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन बिघडवतात आणि त्या पेशी फुटू लागतात. शिजवल्याने, भाजल्याने हा दोष जात नाही. शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्का कांदा एका वेळी पोटात गेला, तरी त्रास संभवतो. दहा किलोच्या कुत्र्याला हे प्रमाण ५० ग्रॅम, म्हणजे एक लहान कांदा. लसूण त्याहून कमी प्रमाणात बाधतो.

मग शतकानुशतके हे कोणाच्या ध्यानात कसे आले नाही? एक तर नैवेद्याचा घास लहान आणि वर्षातून एकदाच. दुसरे म्हणजे लक्षणे काही दिवसांनी उमटतात आणि तोवर गावकुसाबाहेर फिरणारा कुत्रा कोणाच्या नजरेसमोर नसतो. आजचा घरातला कुत्रा मात्र रोज उरलेली भाजी, रस्सा, वाटण खातो. सणाचा अपवाद रोजचा नियम झाला, तिथे धोका वाढला.

द्राक्षांची गोष्ट याहून ताजी आहे. द्राक्षे आणि बेदाणे खाल्लेल्या काही कुत्र्यांचे मूत्रपिंड निकामी होते, हे पशुवैद्यकांच्या लक्षात आले ते विसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस. कारण वीस वर्षे सापडत नव्हते. २०२१ मध्ये अमेरिकेतील विषबाधा-तज्ज्ञांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले, आणि त्यांना हा धागा मिळाला तो अंशतः चिंचेमुळे: चिंच खाल्लेल्या कुत्र्यांतही तशीच लक्षणे दिसली होती. धाराशिव-सोलापूरच्या द्राक्षपट्ट्यात, जिथे बांधावर चिंचेचे झाडही हमखास असते, ही माहिती कोणत्याही आयात बिस्किटापेक्षा मोलाची आहे.

त्या बिस्किटाचा इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. अमेरिकेतून लंडनला आलेल्या, वीजवाहक दांड्या विकणाऱ्या जेम्स स्प्रॅट याने १८६० च्या सुमारास गहू, बीट आणि सुके मांस यांची कुत्र्यांसाठी वडी बाजारात आणली. गिऱ्हाईक होते शिकारी कुत्री पाळणारे श्रीमंत इंग्रज. त्याच्याकडे नोकरी केलेल्या चार्ल्स क्रफ्टने पुढे १८९१ मध्ये स्वतःच्या नावाचे श्वानप्रदर्शन भरवले. हाडाच्या आकाराचे ‘मिल्क-बोन’ १९०८ चे. जाहिरातींनी एक नवी कल्पना रुजवली, की कुत्र्याचे अन्न निराळे असते आणि ते विकत घ्यावे लागते. ती पूर्ण खोटी नव्हती. कांद्याच्या रश्शापेक्षा बिस्किट खरोखर सुरक्षित आहे. पण भाजलेले धान्य आणि थोडे मांस, एवढेच जर त्या वडीचे सार असेल, तर रोडग्याला तिच्यापुढे लाजण्याचे कारण नाही.

खंडोबाच्या नैवेद्यातले दोन पदार्थ कुत्र्यासाठी थोड्या फरकाने सहज होतात. ठोंबऱ्यासाठी ज्वारी रात्रभर भिजवून, दाणा बोटाने चेपेपर्यंत मऊ शिजवावी, पूर्ण निवल्यावर त्यात चमचाभर गोडसर ताजे दही घालावे. मीठ नको, साखर-गूळ नको. मोठ्या कुत्र्यांना दुधातली शर्करा नीट पचत नाही. विरजणात ती काहीशी कमी होते, म्हणून थोडे दही दुधापेक्षा सोसते. रोडग्यासाठी बाजरीचे किंवा ज्वारीचे पीठ एका अंड्यात आणि कोमट पाण्यात बिनमिठाचे मळून, सुपारीएवढे गोळे चपटे करून मंद आचेवर आतपर्यंत भाजावेत. कोंबडीचे उकडलेले, हाडे काढलेले मांस कुस्करून घातले तर स्प्रॅटची वडीच झाली. गार झाल्यावर कोरड्या डब्यात ठेवावेत, दोन-तीन दिवसांत संपवावेत, आणि ओल किंवा बुरशीचा वास आला तर फेकावेत.

प्रमाण मात्र विसरू नये. पशुवैद्य खाऊचा वाटा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांवर जाऊ देत नाहीत. दहा किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण ६०० कॅलरी लागतात. त्यातल्या ६० कॅलरी म्हणजे जेमतेम १७-१८ ग्रॅम पीठ. हातावर मावणारे दोन-तीन छोटे रोडगे, बस्स. उरलेले पोट मांस, अंडी, डाळ-धान्य अशा पुऱ्या आहाराने किंवा चांगल्या तयार खाद्याने भरायचे असते.

नैवेद्याच्या रीतीला यात कोठेही धक्का लागत नाही. परंपरा नैवेद्यातला थोडा भाग कुत्र्याला द्यायला सांगते. पानातला प्रत्येक पदार्थ द्यावा, असा तिचा आग्रह नाही. ठोंबऱ्यात मीठ पडण्याआधी एक वाटी बाजूला काढली, आणि रोडग्याचा तुकडा भरताला न लावता मोडला, की कुत्र्याचा वाटा तयार होतो.