काँक्रीट खाणारा जंतू

१८२४ साली इंग्लंडातील जोसेफ अ‍ॅस्पडिन या गवंड्याने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले आणि हवा तसा ओतता येणारा दगडच जणू माणसाच्या हाती आला. हा दगड झिजलाच तर ऊन-पावसाने झिजेल, असा सर्वांचा समज. डोळ्यांना न दिसणारा एखादा जीव त्याचा घास घेईल, हे कोणाच्या स्वप्नीही नव्हते.

या कथेचे मुख्य स्थळ ऑस्ट्रेलियातील मेलबर्न. १८५१ नंतर सोन्याच्या आशेने तेथे माणसे लोटली आणि पाहता पाहता शहर श्रीमंत झाले; मैलापाणी मात्र उघड्या गटारांतूनच वाहत राहिले. विषमज्वराने माणसे दगावत. थट्टेखोरांनी शहराचे नाव ‘स्मेलबर्न’, म्हणजे घाणपूर, असे ठेवले. अखेर १८९१ साली स्वतंत्र मंडळ स्थापन झाले आणि १८९७ साली पहिले घर भुयारी गटाराला जोडले गेले. गटारांनी शहर वाचवले खरे; पण गटारांना कोण वाचवणार?

भुयारी गटारांची झीज अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे १९०० सालीच नोंदली गेली होती. कोडे असे, की जेथून पाणी वाहते तो तळ शाबूत राही आणि पाण्याचा स्पर्शही न होणारे छत मात्र पिठासारखे गळून पडे! हा केवळ रसायनांचा खेळ, असे बहुतेकांना वाटे. १९२२ साली वाक्समन व जोफे यांनी गंधकावर जगून गंधकाम्ल तयार करणारा एक जंतू वर्णिला. पुढे १९४५ साली मेलबर्नच्या सी. डी. पार्कर यांनी झिजलेल्या काँक्रीटमधूनच तसा जंतू वेगळा काढला आणि त्याचे नाव ठेवले ‘काँक्रीटखाऊ’, लॅटिनमध्ये ‘काँक्रेटिव्होरस’. तो वाक्समन-जोफे यांचाच जंतू, असे मागाहून ठरले.

कोडे उलगडले ते असे. पाण्याखालच्या बुळबुळीत थरात हवा पोचत नाही. तेथील जंतू सल्फेटापासून हायड्रोजन सल्फाइड हा सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू निर्माण करतात. तो वर चढून ओलसर छताला भिडतो. तेथे दुसऱ्या जातीचे जंतू त्याचे गंधकाम्ल करतात. ताज्या काँक्रीटचा पीएच १२ ते १३. इतक्या अल्कात त्यांचा निभाव लागत नाही. पण वायूंनी ते हळूहळू सौम्य होते, जंतूंची एक पिढी दुसरीला वाट करून देते आणि पीएच २ च्याही खाली उतरतो. मग सिमेंटाचे जिप्सम होते, म्हणजे मऊ पांढरा लगदा.

म्हणून आता नळांना प्लास्टिकचे अस्तर लावतात, हवा खेळती ठेवतात, पाणी तुंबू देत नाहीत. उष्ण हवेत हे जंतू अधिक जोमाने वाढतात. तेव्हा हा प्रश्न आपल्याही शहरांचा आहे.

आणि तो केवळ काँक्रीटचा नाही. छत खाणारा हाच वायू गटारात उतरलेल्या माणसाचा जीव काही क्षणांत घेतो. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून माणसाला गटारात उतरवण्यास बंदी केली, तरी असे मृत्यू थांबलेले नाहीत. नळाला अस्तर मिळाले. त्या माणसाला अजून साधा मुखवटाही मिळत नाही.